नायट्रोजन गाईपर्यंत पोचला, बाईपर्यंत कधी?

गेल्या पावसाळ्यात पांढरकवड्याकडच्या एका गावात आमची बैठक होती. विषय रेशनकार्डांचा होता. बैठक आटोपली, बाया घरोघरी निघाल्या, पण एक जण मागे रेंगाळली. सगळ्या गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, "ताई, दवाखान्याचं एक इचारू का? माह्या पोरीले पाळी येत नाही. चौदाव्या वर्षी तिच्या मानेत गाठी आल्या होत्या. कॅन्सर सांगतला. केमो देल्ली. पोरगी वाचली. आता एकोणीसची हाये. मंग पाळी काहून येत नाही?"

मी विचारले, उपचार सुरू करताना डॉक्टरांनी याबद्दल काही सांगितले होते का? ती म्हणाली, "कोनी सांगतलंच नाही. मांगून इचारलं तं म्हने, जीव वाचला ना, मंग आता काय पाह्यजे?"

जीव वाचला हे खरेच मोठे आहे. ज्या डॉक्टरांनी तो वाचवला त्यांचे ऋण ती आई मानतेच. पण जीव वाचवताना शरीरातले दुसरे काय जाणार आहे, ते जाऊ नये म्हणून काही करता येते का, हे तिला कोणी सांगितले नाही. त्या वेळी विचारायचे काय हेच तिला ठाऊक नव्हते, म्हणून तिनेही विचारले नाही. आपल्या गटांपैकी तरी किती जणींना ठाऊक आहे? म्हणून हा लेख. विषय थोडा तांत्रिक आहे, पण कुठल्याही डॉक्टरीण बाईइतकाच तो समजून घ्यायचा आपल्याला हक्क आहे.

बीजकोशाचे काय होते?

बाईच्या ओटीपोटात दोन बीजकोश असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात, आणि पुढे कमीच होत जातात. पुरुषाच्या शरीरात शुक्राणू नव्याने तयार होत राहतात. बाईला मात्र हा साठा एकदाच मिळतो. याच बीजकोशांतून इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके येतात, ज्यांच्यामुळे पाळी येते, हाडे बळकट राहतात आणि हृदयालाही आधार मिळतो.

केमोतली काही औषधे, विशेषतः सायक्लोफॉस्फामाइड आणि बुसल्फान, तसेच ओटीपोटावर दिलेले रेडिएशन, हा साठा वेगाने संपवतात. औषध कोणते, मात्रा किती आणि वय काय यावर नुकसान ठरते. काही जणींची पाळी थांबून पुन्हा सुरू होते. काहींची कायमची जाते, म्हणजे पंधराव्या-विसाव्या वर्षीच रजोनिवृत्ती येते.

हे टाळायचे मार्ग आहेत. लग्नाच्या वयाच्या बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन तिची स्त्रीबीजे काढून गोठवता येतात. पण त्यासाठी केमो तितके दिवस थांबली पाहिजे, आणि ते प्रत्येकीच्या आजाराला परवडत नाही. पाळी सुरू न झालेल्या लहान मुलीला तर हा मार्गच नाही. तिच्यासाठी एकच उरतो: दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने एक बीजकोश किंवा त्याचा तुकडा काढायचा, बाहेरच्या थराच्या सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या, कारण बहुतेक स्त्रीबीजे या थरातच असतात, आणि त्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून ठेवायच्या. मुलगी बरी झाली, मोठी झाली, आणि तिला स्वतःला हवे असले, तर त्या चकत्या तिच्याच शरीरात परत बसवायच्या.

बेल्जियममध्ये १९९७ साली अशा रीतीने एका बाईच्या बीजकोशाचे तुकडे गोठवले होते. तिलाही मानेतल्या गाठींचाच, हॉजकिन्सचा कॅन्सर होता. २००३ साली ते परत बसवले आणि २००४ च्या सप्टेंबरात तिला मूल झाले. त्यानंतर जगभरात अशी दोनशेहून अधिक मुले जन्माला आली आहेत. अमेरिकेतल्या प्रजननवैद्यकाच्या संस्थेने २०१९ साली जाहीर केले की ही पद्धत यापुढे प्रायोगिक मानायची गरज नाही.

खडीसाखर आणि लिमलेटची गोळी

गोठवायचे कसे, यावर शास्त्रज्ञांत दोन मते आहेत. हा वाद आपण का समजून घ्यायचा, ते पुढे येईलच. आधी वाद काय आहे तो पाहू.

काकडी फ्रीजरमध्ये ठेवली आणि बाहेर काढली की ती लिबलिबीत होते. तिच्या पेशींतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि बर्फाचे टोकदार स्फटिक पेशी फाडतात. माणसाच्या पेशीचेही तेच होते. यावरचा उपाय १९४९ साली लंडनमधल्या एका प्रयोगशाळेत सापडला, तोही बाटलीवरच्या चिठ्ठीच्या घोटाळ्यातून. ख्रिस्तोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ आणि अ‍ॅलन पार्क्स यांना दिसले की ग्लिसरॉल घातले तर कोंबड्याचे शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात. रूथ डीन्सली आणि डेल्फिन पॅरट यांनी पुढे प्राण्यांच्या बीजकोशांवर असेच प्रयोग केले, आणि १९६० साली पॅरट यांनी दाखवले की गोठवलेला बीजकोश परत बसवलेल्या उंदरीणीला पिल्ले होऊ शकतात. या इतिहासात बायकांची नावे आहेत. ती सहसा सांगितली जात नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितली.

पहिली पद्धत संथ गोठवण्याची. तुकडे गोठणरोधक द्रव्यात भिजवतात आणि एका यंत्रात ठेवतात. यंत्र तापमान अगदी हळूहळू उतरवते. उणे सात ते नऊ अंशांपाशी थांबून बाहेरच्या पाण्यात बर्फाची सुरुवात मुद्दाम करून देतात. मग मिनिटाला सुमारे ०.३ अंश अशा चालीने उणे ४० पर्यंत. या वेळात पेशीतले पाणी हळूहळू बाहेर येते आणि बर्फ पेशीच्या बाहेर होतो, आत नाही. शेवटी तुकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये जातात. याला काही तास लागतात आणि कित्येक लाख रुपयांचे यंत्र लागते.

दुसरी पद्धत व्हिट्रिफिकेशनची, म्हणजे काच करण्याची. साखरेचा पाक संथपणे मुरू दिला की खडीसाखरेचे खडे धरतात. तोच पाक आटवून झटकन थंड केला की लिमलेटच्या गोळीसारखा पारदर्शक राहतो, त्यात खडा धरतच नाही. साखर तीच. तसेच इथे गोठणरोधक द्रव्य फार दाट वापरायचे आणि तुकडा एकदम नायट्रोजनमध्ये बुडवायचा. पाण्याला स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, त्याची काच होते. याला ते महाग यंत्र लागत नाही. वेळही कमी लागतो.

मग वाद कशाला? सुट्ट्या स्त्रीबीजासाठी आणि भ्रूणासाठी व्हिट्रिफिकेशनच सरस ठरले आहे, त्याबद्दल आता फारसे दुमत नाही. पण स्त्रीबीज ही एकच पेशी आहे, आणि बीजकोशाचा तुकडा म्हणजे पेशींची अख्खी वस्ती. त्यात स्त्रीबीजे, त्यांच्याभोवतीच्या पेशी, रक्तवाहिन्या, आधार देणारे तंतू असे सगळे असते. दाट द्रव्य मधल्या पेशींपर्यंत पोचते तोवर कडेच्या पेशींना ते विषासारखे बाधू शकते; आणि लवकर बाहेर काढावे तर मधे पुरेसे पोचलेले नसते. शिवाय जो तो आपल्या कृतीने करतो: द्रव्य वेगळे, वेळ वेगळी, भांडे वेगळे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर काही अभ्यासांत संथ पद्धत बरी दिसते, काहींत व्हिट्रिफिकेशन; आधाराचे तंतू तर व्हिट्रिफिकेशनने चांगले टिकतात असेही काही अभ्यास सांगतात.

पण आपल्याला सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रापेक्षा घरी आलेली मुले आणि परत आलेली पाळी मोजायची आहे. त्या मोजणीत आज फरक स्पष्ट आहे. आजवरची बहुतेक सगळी मुले संथ गोठवलेल्या तुकड्यांतून झाली आहेत. व्हिट्रिफिकेशननंतरही मुले झाली आहेत, जपानमध्ये २०१३ साली तशी नोंद झाली, पण त्यांची संख्या थोडी आहे. याचा अर्थ व्हिट्रिफिकेशन वाईट असा नाही. ते उशिरा आले आणि कमी वापरले गेले, म्हणून पुरावा कमी आहे. पण ज्या मुलीला एकदाच संधी आहे, तिच्या बाबतीत पुरावा कमी असणे हीच मोठी गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट या वादात मागे पडते. तुकडा परत बसवल्यावर त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत रक्तावाचून फार मोठ्या संख्येने स्त्रीबीजे मरतात. म्हणजे खरी मोठी नासाडी गोठवताना होते त्यापेक्षा परत बसवल्यानंतर होते. म्हणून कोण काढतो, कोण बसवतो, किती हात बसलेला आहे, हे पद्धतीइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे आहे.

स्वस्त म्हणजे आपल्यासाठी, असे नव्हे

आता आपला मुद्दा. कोणी म्हणेल, व्हिट्रिफिकेशनला यंत्र लागत नाही, मग ती तर गरीब जिल्ह्यांसाठीच बनलेली पद्धत आहे. यवतमाळसारख्या ठिकाणी हीच आणा. हे ऐकायला छान वाटते. पण मला यात धोका दिसतो.

यंत्र लागत नाही म्हणजे कोणीही सुरू करू शकतो. नायट्रोजनची टाकी आणि औषधांचा संच घेतला की पाटी लागली. महिन्याला एखादी केस करणाऱ्या ठिकाणी हात कसा बसणार? तुकडा नीट गोठला की नाही हे दहा-पंधरा वर्षांनी कळणार. तोवर तो दवाखाना तिथे असेल का, हाही प्रश्न. नायट्रोजनच्या टाकीला वीज लागत नाही, त्यामुळे आपल्या भारनियमनाची तिला भीती नाही. पण नायट्रोजन सतत उडून जात असतो आणि तो वेळच्या वेळी भरावा लागतो. बारा वर्षांच्या मुलीचा तुकडा पंधरा-वीस वर्षे जपायचा, तर इतकी वर्षे टाकी कोण भरणार? साठवणीचे वर्षाचे भाडे कापूस पिकला नाही त्या साली कोण देणार? भाडे थकले तर तुकड्याचे काय?

गरिबांना जे स्वस्त ते, आणि श्रीमंतांना जे सिद्ध झालेले ते, ही वाटणी आपण अनेकदा पाहिली आहे. लांब पल्ल्याच्या गर्भनिरोधक इंजेक्शनांच्या वेळी आपल्या मैत्रिणींनी हाच सवाल विचारला होता आणि १९८६ साली नेट-एनच्या विरोधात सर्वोच्च न्यायालय गाठले होते. व्हिट्रिफिकेशनवर संशोधन जरूर व्हावे. पण ते संशोधन आहे असे सांगून, लेखी संमती घेऊन, फुकट आणि मोठ्या केंद्रात व्हावे. यवतमाळच्या मुलीच्या एकुलत्या बीजकोशावर हात साफ करून घेऊ नये.

बाई गावात राहो, तुकडा प्रवासाला जावो

मग महाग यंत्र यवतमाळात आणायचे का? त्याचीही गरज नाही. हे मला डेन्मार्क आणि जर्मनीकडे पाहून कळले.

डेन्मार्कमध्ये बीजकोश गोठवण्याचे काम कोपेनहेगनच्या एकाच मोठ्या सरकारी इस्पितळात एकवटलेले आहे. बाई आपल्या जवळच्या इस्पितळात दाखल होते, तिथेच दुर्बिणीने बीजकोश काढतात, आणि तो बर्फात ठेवून चार-पाच तासांचा प्रवास करून कोपेनहेगनला जातो. जर्मनीत २००६ साली अशाच कामासाठी इस्पितळांचे जाळे उभे राहिले. तिथे तुकडे थंड पेटीतून रात्रभर प्रवास करून मोठ्या केंद्रात पोचतात. अशा प्रवास केलेल्या तुकड्यांतून मुले झाली आहेत. कॅन्सरच्या आजारी मुलीला फरफटत नेण्यापेक्षा तिच्या शरीरातला तुकडा नेणे सोपे, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली.

यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, गाडीने तीन तास. म्हणजे डेन्मार्कमधल्या अंतरापेक्षा फार वेगळे नाही. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, एम्स आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. विदर्भासाठी नागपूरला एक सार्वजनिक केंद्र, एक चांगले यंत्र, रोज तेच काम करणारे हात; आणि जिल्ह्याजिल्ह्यात तुकडा काढून थंड पेटीत घालणारी माणसे. यंत्र एकाच जागी पण सगळ्यांचे असावे. मग संथ पद्धतीचे यंत्र महाग हा मुद्दाही राहत नाही, कारण ते अकरा जिल्ह्यांत वाटले जाते.

हे स्वप्नरंजन आहे असे कोणाला वाटेल. त्यांनी आपल्याच जिल्ह्यात जरा डोळे उघडून पाहावे.

पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून गोठ्यापर्यंत येतो. त्या कंटेनरात उणे १९६ अंशांत गोठीत रेतमात्रा असतात. गाय माजावर आली की निरोप जातो आणि नायट्रोजन दारात येतो. ही साखळी खेड्यापाड्यांत उभी करायला सरकारला जमले, कारण दूध हवे होते.

दुसरे म्हणजे दुर्बीण. जिल्ह्यातल्या बायांना दुर्बीण काय असते ते सांगावे लागत नाही. नसबंदीच्या शिबिरांत पोटाला भोक पाडून नळ्या बंद करणारी दुर्बीण तालुक्याच्या गावांपर्यंत कधीच पोचली. तिथे रांगा लावल्या गेल्या, उद्दिष्टे ठरवली गेली. बीजकोश काढायला सर्जनला अधिक कौशल्य लागते हे खरे, पण वाट तीच आहे.

म्हणजे नायट्रोजनही आला आणि दुर्बीणही आली. एक गाईसाठी आणि दुसरी बाईची मुले थांबवण्यासाठी. आजारातून उठणाऱ्या मुलीसाठी मात्र दोन्ही एकत्र येत नाहीत. ही तंत्रज्ञानाची अडचण नाही, कोणाच्या शरीराची किंमत किती धरली जाते याची आहे.

शेजारच्या मराठवाड्यात काय झाले ते आठवा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. एकीकडे बीजकोशाच्या नखाएवढ्या चकतीला सोन्यासारखे जपणारे विज्ञान, आणि दुसरीकडे कोयता थांबू नये म्हणून अख्खी पिशवी काढून टाकणारा बाजार. दोन्ही एकाच काळात, एकाच राज्यात.

सिकलसेलच्या मुली

हा फक्त कॅन्सरचा प्रश्न नाही, आणि म्हणूनच तो आपल्या जिल्ह्याचा आहे. आपल्याकडच्या गोंड, कोलाम, परधान आणि दलित वस्त्यांत सिकलसेल घराघरांत माहीत आहे. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, २०४७ चे उद्दिष्ट ठेवून. या आजारातून पूर्ण बरे करणारा आजचा जुना उपाय म्हणजे अस्थिमज्जेचे रोपण. २०२३ साली इंग्लंड-अमेरिकेत जनुकांवरच्या एका नव्या उपचारालाही मान्यता मिळाली. पण दोन्हींत आधी जुनी मज्जा नष्ट करावी लागते, आणि त्यासाठी वापरले जाणारे बुसल्फान बीजकोशांना फार घातक आहे.

ब्रुसेल्समधली एक हकीकत आपल्या प्रत्येक आश्रमशाळेत सांगावी अशी आहे. काँगोत जन्मलेली एक मुलगी अकराव्या वर्षी बेल्जियममध्ये आली. तिला सिकलसेलचा तीव्र आजार होता. मज्जारोपणाच्या आधी, चौदावे वर्ष पुरे व्हायच्या आत आणि पाळी सुरू व्हायच्याही आत, डॉक्टरांनी तिचा एक बीजकोश काढून संथ पद्धतीने गोठवला. रोपण झाले, ती बरी झाली, पण राहिलेला बीजकोश निकामी झाला. दहा वर्षांनी तिने तुकडे परत बसवून घेतले. २०१४ च्या नोव्हेंबरात तिला मूल झाले. ती कोणा राजघराण्यातली नव्हती. दुसऱ्या देशातून आलेली, आपल्या मुलींसारखाच आजार असलेली मुलगी होती. रोपणाआधी तिला विचारले गेले, एवढाच फरक.

उद्या यवतमाळच्या मुलींची रोपणे होऊ लागतील. व्हायलाच हवीत. तेव्हा बीजकोशाचा प्रश्न रोपण झाल्यावर नव्हे, आधी विचारला जायला हवा.

भाबडेपणा नको

या तंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ल्युकेमियात, गोठवलेल्या तुकड्यातच कॅन्सरच्या पेशी असू शकतात, आणि तो परत बसवला तर आजारही परत येण्याची भीती असते. लहान मुलांत हाच कॅन्सर सगळ्यांत जास्त आढळतो, त्यामुळे ही मर्यादा मोठी आहे. सिकलसेलच्या मुलीला भूल देणेही जपून करावे लागते. तुकडे परत बसवलेल्या बहुतेक जणींची पाळी परत येते, पण मूल सुमारे तिघींतल्या एकीलाच होते. बसवलेला तुकडा साधारण चार-पाच वर्षे चालतो, काहींचा जास्त. ही हमी नाही, शक्यता आहे. आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

आपल्या चळवळीतून एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आपण इतकी वर्षे सांगत आलो की मातृत्व म्हणजे बाईच्या आयुष्याचे सार्थक नव्हे. मग मूल होण्यासाठी हा आटापिटा का? वांझ म्हणून बाईला टाकणाऱ्या समाजाला आपणच खतपाणी घालत नाही का?

मी यावर पुष्कळ विचार केला. मूल नको म्हणण्याचा हक्क आपण मागितला, तोच हक्क हवे म्हणणारीलाही आहे. बीडच्या बाईची पिशवी तिला नीट न सांगता काढली, हा अन्याय. आणि पांढरकवड्याच्या मुलीचा बीजकोश तिला न सांगता जळू दिला, हाही अन्यायच. दोन्हींत न विचारणे समान आहे. शिवाय बीजकोश फक्त मूल देत नाही. पंधराव्या वर्षी त्याची संप्रेरके गेली तर पस्तिशीत हाडे ठिसूळ होतात. रोजगार हमीच्या कामावर माती वाहणाऱ्या बाईला हे परवडणारे नाही.

पण आक्षेपातला धोका मी नाकारत नाही. बाजार आलाच आहे. २०१९ साली इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या एका कंपनीने रजोनिवृत्ती लांबवण्यासाठी निरोगी बायकांचे बीजकोश गोठवून देण्याचा धंदा जाहीर केला, हजारो पौंड घेऊन. उद्या आपल्याकडे 'आधी करिअर, मग बाळ' अशा पाट्या लागतील. आजारी मुलीची गरज आणि ही विक्री यांत आपण स्पष्ट रेषा ओढली पाहिजे. आपला अनुभवही तेच सांगतो. मुंबईत १९८६ साली टेस्ट ट्यूब बाळ जन्मले ते केईएम या पालिकेच्या इस्पितळात, इंदिरा हिंदुजांच्या हातून, आणि परळच्याच सरकारी संशोधन संस्थेच्या साथीने. सार्वजनिक पैशातून ते विज्ञान उभे राहिले. आज मात्र गल्लोगल्ली त्याच्या पाट्या आहेत त्या खाजगी. हे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

काय मागायचे?

पहिली मागणी सांगण्याची. केमो, रेडिएशन किंवा मज्जारोपण सुरू करण्याआधी प्रत्येक मुलीला आणि बाईला, तिच्या भाषेत, मग ती गोंडी असो की कोलामी, बीजकोशावर काय परिणाम होईल ते सांगितले पाहिजे, आणि सांगितल्याची नोंद केसपेपरवर झाली पाहिजे. याला यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही.

दुसरी मागणी नागपूरच्या सार्वजनिक केंद्राची आणि जिल्ह्यांतून तिथवर जाणाऱ्या थंड पेटीची. तुकड्याची साठवण सरकारी, फुकट, आणि ती मुलगी स्वतः निर्णय घेईपर्यंत.

तिसरी योजनांबद्दल. आयुष्मान भारतच्या वगळलेल्या बाबींत वंध्यत्वाचे उपचार येतात. पण हा वंध्यत्वाचा उपचार नाही. औषधाने होणारे नुकसान टाळणे हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे, आणि केमोच्या खर्चात तो धरला गेला पाहिजे.

चौथी कायद्याबद्दल. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्याची भाषा बीज, शुक्राणू आणि भ्रूण यांची आहे. त्यात बाईचे वय किमान २१ धरले आहे, आणि दात्याचे बीज किंवा भ्रूण दहा वर्षांपलीकडे ठेवता येत नाही. तेरा वर्षांच्या मुलीच्या स्वतःच्या बीजकोशाच्या तुकड्यासाठी स्पष्ट, वेगळा नियम हवा. आईबापांनी सही केली तरी मुलीला विचारले पाहिजे, आणि तो तुकडा तिचाच राहिला पाहिजे. बापाचा नाही, पुढे नवऱ्याचा नाही, दवाखान्याचाही नाही. नको म्हणण्याचा हक्कही तिचाच.

आणि पाचवी मागणी त्या आईसाठी. तिच्या मुलीचा तुकडा गोठवायची वेळ निघून गेली. ती वेळ आता कोणी परत आणू शकत नाही, हे मला तिला सांगावे लागले. पण तिला हेही सांगितले की संप्रेरकांच्या गोळ्यांनी पाळी येऊ शकते, हाडे जपता येतात. त्या गोळ्या जुन्या आहेत, महाग नाहीत, फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्याव्या लागतात. कॅन्सर झाला होता म्हणून त्या चालतील का, हे तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचे. पाच वर्षांत हेही तिला कोणी सांगितले नव्हते. अशा मुली प्रत्येक तालुक्यात असतील. लग्न मोडेल या भीतीने घरचे बोलत नाहीत, म्हणून त्या आपल्याला दिसत नाहीत.

पुढच्या महिन्यात आम्ही त्या मुलीला घेऊन यवतमाळला जाणार आहोत. तुमच्या गावात, तुमच्या गटात कॅन्सरमधून किंवा मज्जारोपणातून उठलेल्या मुली असतील, तर त्यांच्या आयांशी बोला. आधी एवढेच विचारा: तुम्हाला आधी कोणी सांगितले होते का? त्यांची उत्तरे, नावे न देता, आमच्याकडे पाठवा. ती सगळी घेऊन आपण जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाऊ, आणि तिथून नागपूरला.